मुरूडची शाळा आणि सोमण मास्तर

दापोलीहून आसूदच्या पोफळींतून खालीं उतरलें, कीं थोड्याच वेळांत खारी झुळूक अंगावर येते आणि मुरूड जवळ आलें हें न विचारतां कळतें. गांव आंखून वसविल्यासारखें आहे. मधून सरळ रस्ता, दोहों बाजूंस घरें, घरांमागें नारळी-पोफळींच्या वाड्या आणि त्यांपलीकडे पुळण. येणारे पाहुणे बहुधा त्या पुळणीवरच रमतात. आमच्यांतलीं मुलेंही तिकडेच धांवलीं. आम्ही वडील माणसें मात्र येथें आलों होतों तीं एका शाळामास्तरांच्या निमित्तानें.

त्यांचें नांव विनायक लक्ष्मण सोमण. पुष्कळ वाचकांस तें नवें वाटेल, आणि त्यांत वाचकांचा कांहीं दोष नाहीं. गांवच्या मास्तराचें नांव राहतें तें एखाद्या शिष्याच्या आठवणींत, आणि तो शिष्य लिहिता निघाला तरच पुढें पोंचतें. सोमणांचें भाग्य असें, कीं त्यांच्या बांकांवर धोंडो केशव कर्वे बसले होते, आणि कर्व्यांनीं 1915 सालीं प्रसिद्ध केलेल्या ‘आत्मवृत्ता’त ह्या मास्तरांचें ऋण मोकळेपणानें सांगितलें.

सोमणांची थोरवी कळण्यास थोडें मागें गेलें पाहिजे. पूर्वीं गांवोगांव पंतोजींची शाळा कोणाच्या तरी ओटीवर भरे. धूळपाटीवर अक्षर घोटावें, मोडी वाचावी, पावकी-निमकी घोकावी, आणि पंतोजींस घरटीं कांहीं धान्य पोंचवावें, एवढाच तो व्यवहार. 1855 सालीं मुंबई इलाख्यांत शिक्षणखातें निघालें. मग हळूहळू गांवच्या शाळांस पगारी मास्तर, छापील क्रमिक पुस्तकें आणि साहेबाची तपासणी आली. मराठी सहावी इयत्ता हा त्या शाळेचा कळस. त्यापुढें पब्लिक सर्व्हिस परीक्षा उतरली, कीं कारकुनी किंवा मास्तरकी मिळण्याचा मार्ग मोकळा होई. गरीब घरच्या मुलाची दृष्टि सहसा त्यापलीकडे जात नसे.

सोमण मास्तर ह्या नव्या शाळेचे. पण नेमलेलें पुस्तक संपलें कीं आपलें काम संपलें असें मानणाऱ्यांतले ते नव्हते. लांकडी खांबांच्या दुर्गादेवीच्या देवळांत गांवकरी जमत, त्यांच्यापुढें वर्तमानपत्र मोठ्यानें वाचून दाखविण्याचें काम त्यांनीं धोंडूस लावलें. मुलगा स्वभावानें अतिशय भिडस्त. ज्याला चार माणसांत तोंड उघडण्याची चोरी, त्यालाच हें काम! आमच्या मतें मास्तरांची सारी परीक्षा ह्या एका निवडींत दिसते. सार्वजनिक कामाची आवड आपणांस सोमणांमुळें लागली, असें कर्वे पुढें सांगत.

1875 सालची हकीकत घरोघर मुलांस सांगण्याजोगी आहे. परीक्षेसाठीं सातारा गांठावयाचें होतें. पावसाळ्याचे दिवस, समुद्र बंद. तेव्हां कर्वे व त्यांचे सोबती कुंभार्ली घाटानें सुमारें 110 मैल पायीं चालून गेले. इतकें करून कमिटीपुढें उभे राहिले, तों “हा मुलगा सतरा वर्षांचा दिसत नाहीं” म्हणून त्यांस परीक्षेस बसूं दिलें नाहीं. हातांत वयाचा दाखला असून तो उपयोगी पडला नाहीं. अंगानें लहानखुरे असणें एवढाच अपराध. आल्या वाटेनें परत येतांना त्या घाटांत मनांत काय आलें असेल, ह्याची कल्पनाच करावी.

पुढें कर्वे मुंबईस जाऊन 1884 सालीं बी. ए. झाले; परंतु मुरूडचा धागा सुटला नाहीं. गांवच्या हितासाठीं 1886 सालीं त्यांनीं ‘मुरूड फंड’ सुरू केला. मास्तरांनीं लाविलेलें रोप तें हें. आणि ह्याच गांवानें 1893 सालीं त्यांच्यावर बहिष्कार घातला, कारण त्या वर्षीं मार्चांत त्यांनीं गोदूबाईंशीं, म्हणजे एका विधवेशीं, पुण्यास विवाह केला होता. नवें जोडपें मुरुडास आलें, तेव्हां गांवकऱ्यांनीं सभा भरविली. धोंडोपंतांस घरांत घ्याल तर तुम्हीही वाळींत, अशी धास्ती त्यांच्या आईला व भावाला पडली. देवळांत ज्याच्या तोंडून गांवानें वर्तमानपत्र ऐकलें, तोच आतां गांवाला ऐकवेनासा झाला. सभेंत बसलेले लोक कांहीं दुष्ट नव्हते. आपल्या आमच्याच घरांतल्या वडिलांसारखे होते, आणि म्हणूनच हें प्रकरण वाचतांना आम्हांस अवघडल्यासारखें होतें.

कर्व्यांनीं त्याचा डंख धरला नाहीं. हिंगण्याचा आश्रम, महिला विद्यापीठ ह्या मोठ्या गोष्टी सर्वांस ठाऊक आहेत. आम्हांला त्यांच्याहून अधिक जवळचें वाटतें तें 1936 सालचें काम. वय 78, विश्रांति घेतली असती तर कोणी नांव ठेविलें नसतें. त्या वर्षीं त्यांनीं ‘महाराष्ट्र ग्राम प्राथमिक शिक्षण मंडळ’ काढलें. जेथें लोकल बोर्डाची शाळा नाहीं, अशा गांवांत शाळा उघडणें हा त्याचा उद्देश, आणि त्यासाठीं हा वृद्ध गृहस्थ वर्गणी गोळा करूं लागला. विद्यापीठ स्थापन करून झाल्यावर पुन्हा पहिलीच्या वर्गाकडे वळणारीं माणसें विरळाच.

कर्वे 104 वर्षें जगले. 1 मे 1962 रोजीं जिल्हा परिषदा आल्या व शाळांचा कारभार तिकडे गेला. त्याच वर्षीं 9 नोव्हेंबरला ते निवर्तले. आज मुरुडांत त्यांचें स्मारक आहे. मुलें तेथें उभीं राहून छायाचित्रें काढूं लागलीं, तेव्हां आमच्यांतल्या एका आजींनीं त्यांस प्रथम सोमण मास्तरांचें नांव सांगावयास लाविलें. धाकटा “सोमण कोण?” म्हणाला. मग वर्तमानपत्राची गोष्ट पुन्हा आरंभापासून निघाली.

कोंकणांत आतां शाळा पुष्कळ गांवीं आहे. पण घरें कुलुपांत आणि पट वीसच्या आंत असें कितीतरी ठिकाणीं झालें आहे, आणि अशा शाळा एकत्र कराव्या कीं तशाच राखाव्या ह्याचा खल चालू आहे. सोमणांच्या काळीं सहावी झाल्यावर मुलगा गांव सोडी. आतां पहिलीआधींच तो आईबापांबरोबर मुंबईस वा पुण्यास गेलेला असतो, आणि मे महिन्यांत आंबे उतरले, म्हणजे आजोबांकडे पाहुणा म्हणून येतो.