सुट्टीतले सात सिनेमे आणि एक रिकामी जागा



यंदा मे महिन्यात गावाला जाणं झालं नाही. सांगलीचं ऊन तर तुम्हाला माहीतच आहे. पापड, सांडगे, शेवया उरकल्यावर दुपारी मुलांना घरात कसं बसवायचं? शेवटी मुलांनीच तोडगा काढला, दर दोन दिवसांनी एक सिनेमा. सगळ्यांनी दहापैकी गुण द्यायचे आणि कॅलेंडरच्या पाठीवर लिहायचे. परीक्षक पाच: मी, आमचे हे, तेरा वर्षांची लेक, नऊ वर्षांचा मुलगा आणि सासूबाई.

वेळेवरून पहिलं भांडण झालं. मुलांना रात्री, अंधार करून, मक्याच्या लाह्या खात बघायचं होतं. आमच्याकडे सातच्या सुमारास सूर्य मावळतो, त्याआधी जेवणं उरकलेली असतात. लाह्या हव्या असतील तर सिनेमा दुपारी दोनलाच. पडद्यांवर जुन्या चादरी टाकून खोलीत अंधार केला. अक्षय्य तृतीयेला उसाचा रस पिऊन सुरुवात झाली.

पहिला नंबर ‘एलिझाबेथ एकादशी’चा, त्यात कुणाचंच दुमत नाही. पंढरपूरच्या यात्रेत सायकल वाचवायला ती पोरं बांगड्या विकायला बसतात, तेव्हा सासूबाई मांडी बदलून पुढे सरकल्या. त्यांनी स्वतः लहानपणी आठवडी बाजारात वडिलांच्या कापडाच्या गठ्ठ्यावर बसून गिऱ्हाईकं केली आहेत. हे मला लग्नाच्या सोळा वर्षांत पहिल्यांदा कळलं! दहापैकी दहा.

दुसरा ‘इंग्लिश विंग्लिश’. लेक शाळेत आईची लाज वाटून घेते तो प्रसंग आला तेव्हा आमची लेक माझ्याकडे बघत नव्हती आणि मीही तिच्याकडे बघितलं नाही. असो.

तिसरा ‘फाइंडिंग निमो’. मासे खायचं सोडायचं ठरवलेले शार्क मुलाला फार आवडले. रक्ताचा वास येताच त्यातल्या एकाचा नेम सुटतो, तेव्हा तो म्हणाला, “आज्जी, याला प्रायश्चित्त काय?” चौथा ‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’. दादासाहेब फाळक्यांना १९१३ च्या त्या सिनेमात तारामतीच्या भूमिकेसाठी बाई मिळेना, पुरुषालाच साडी नेसवावी लागली, यावर मुलं आठवडाभर हसत होती. पाचवा ‘बावर्ची’, तो मी आणि ह्यांनीच मन लावून पाहिला. सहावा ‘हाथी मेरे साथी’. हा वाईट म्हणून खाली नाही. हत्ती मरतो तेव्हा मुलगा इतका रडला की त्याने शून्य गुण दिले.

आता सातवा, ‘दंगल’.

लेक कबड्डी खेळते. जूनमध्ये जिल्ह्याच्या संघाची निवड आहे, म्हणून हा सिनेमा तिनेच निवडला. मुलींच्या अंगात ताकद यावी म्हणून बाप त्यांना कोंबडी खायला घालायचं ठरवतो, आणि आई ते आपल्या स्वयंपाकघरात शिजवू देत नाही, तो प्रसंग आला. ह्यांनी रिमोट शोधायला सुरुवात केली. तेवढ्यात लेक हळूच म्हणाली, “आमचे सरपण म्हणालेत, अंडी तरी सुरू कर.”

मी फटकन म्हणाले, “आपल्या घरात असलं काही चालायचं नाही.” सासूबाई काही न बोलता उठल्या आणि माळ घेऊन देवघरात गेल्या. सिनेमा आम्ही पूर्ण पाहिला, पण गुण कुणीच दिले नाहीत.

रात्री मी तिच्याजवळ जाऊन बसले. माझं दुपारचं उत्तर मलाच बोचत होतं. नियम सांगितला होता, कारण सांगितलंच नव्हतं. विचारलं, “तुला खायचंय का?” ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, “नाही गं. पण सगळ्या मुली खातात. मी निवडले गेले नाही तर सर म्हणतील, बघ, मी सांगितलं होतं.” तिला अंडं नकोच होतं. सरांना द्यायला उत्तर हवं होतं, आणि ते माझ्याकडेही तयार नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दोघींनी मिळून वही घातली. सकाळी दूध आणि फुटाणे, दुपारच्या जेवणात दुप्पट डाळ, चारला पनीर किंवा शेंगदाणे. द्विदळ व्हायला नको म्हणून दही आणि डाळीच्या वेळा वेगळ्या. खरी अडचण संध्याकाळची. सराव साडेसहाला सुटतो, ती घरी येईपर्यंत सूर्यास्त जवळ आलेला असतो. आता हे डबा घेऊन मैदानावर जातात आणि ती तिथंच बाकावर बसून जेवते. पहिल्या दिवशी मैत्रिणी हसल्या. तिसऱ्या दिवशी एकीने तिच्या डब्यातली थालीपीठं मागून घेतली.

सासूबाईंनी या विषयावर एक शब्द काढलेला नाही. पण परवा पहाटे उठून पाहते तर त्या शेंगदाणे भाजत होत्या. गूळ-शेंगदाण्याचे लाडू वळून डबा लेकीच्या दप्तराशेजारी ठेवला. “रोज दोन,” एवढंच म्हणाल्या. लेक म्हणाली, “आज्जी, तीन दे.”

निवड अजून दहा दिवसांवर आहे. कॅलेंडरवर ‘दंगल’पुढची जागा रिकामीच आहे. मुलाने तिथं पेन्सिलीने प्रश्नचिन्ह काढलंय, आणि सासूबाईंनी ते खोडू नको म्हणून सांगितलंय.