सतरंजीची आंघोळ

बालमित्रांनो, भंडारा जिल्ह्याची ओळख तुम्ही भूगोलाच्या पुस्तकात वाचली असेल. भाताची शेती, जागोजागी तलाव, भंडाऱ्याची पितळेची भांडी, आंधळगाव-मोहाडीचं कोशाचं कापड, तुमसरकडच्या चिखला आणि डोंगरी बुजुर्गच्या मँगनीजच्या खाणी. झालं पाच मार्कांचं उत्तर! पण आज मी तुम्हांला अशा ठिकाणी नेणार आहे, की ज्यावर परीक्षेत प्रश्न येत नाही. ते ठिकाण म्हणजे बिछायत केंद्राचं मागचं अंगण.

पुण्या-मुंबईच्या मुलांना ‘बिछायत केंद्र’ हा शब्द नवा वाटेल. बिछायत म्हणजे अंथरण्याचं सामान. तुमच्याकडे ज्याला मंडप डेकोरेटर म्हणतात, त्याच्या दुकानावर आमच्या विदर्भात ‘बिछायत केंद्र’ अशी पाटी असते. भंडारा, तुमसर, लाखनी, साकोली, पवनी, कुठल्याही गावच्या रस्त्यानं जा, एक तरी पाटी दिसेलच. आत मंडपाचे बांबू, खुर्च्या, मोठमोठे गंज आणि कोपऱ्यात छतापर्यंत रचलेल्या सतरंज्या नि गालिचे.

दिवाळी झाली की या सतरंज्यांना दम नसतो. झाडीपट्टीत गावोगाव मंडई भरते. दिवसा दुकानं, पाळणे, दंडार. आणि रात्री नाटक. आमच्याकडची नाटकं रात्री सुरू होतात ती पहाटेपर्यंत चालतात बरं का! थंडीत चादरी पांघरून सारं गाव सतरंजीवर बसतं. मंडई संपते तोच लग्नसराई. मग विचार करा, एवढी माणसं बसून, जेवून, झोपून उठल्यावर ती सतरंजी परत येताना काय काय घेऊन येत असेल? बांधीतला चिखल, हळद, अक्षता, चहा, भाजीचं तेल, लहान बाळांचा प्रसाद आणि आमच्या भागाचा मोठा शत्रू, खर्ऱ्याचे डाग!

लाखनी-साकोली भागातल्या एका बिछायत केंद्रात आमच्या वर्गातली मुलं पाहायला गेली होती. तिथल्या काकांनी पहिलाच प्रश्न मुलांना विचारला, “सांगा पाहू, सतरंजी धुताना पहिलं काय करायचं?”

“पाणी टाकायचं!” सगळी मुलं ओरडली.

काका हसले. “पाणी टाकलं त चिखल होते, पोट्टेहो! आधी झोडपाची, मंग भिजवाची.”

अगदी शास्त्रशुद्ध उत्तर! सतरंजीतल्या घाणीचा मोठा भाग असतो कोरडी माती. मातीचे कण भिंगाखाली पाहिले तर ते कोनेरी दिसतात. ते धाग्यांच्या बुडाशी जाऊन बसतात. वरून माणूस चालला की ते धाग्याला काचकागदासारखे घासतात. म्हणजे सतरंजी पायांनी झिजते त्याहून जास्त मातीनं झिजते. ही माती कोरडी असताना निघते. ओली झाली की चिकटून बसते.

म्हणून सतरंजी आडव्या बांबूवर उलटी टाकतात आणि पाठीवर सोट्यानं झोडपतात. उलटी का? कारण माती बुडाशी असते. पाठीवर मार बसला की ती आलेल्या वाटेनं खाली पडते. झोडपणारे दोघे दादा नाकातोंडाला दुपट्टा बांधून, वाऱ्याकडे पाठ करून उभे होते. तरी मधूनमधून खोकत होते. “हंगामात रात्री खोकला झोपू देत नाही,” त्यातला एक म्हणाला. मुलं एकदम गप्प झाली. आपण नाटक पाहून घरी जातो, त्यानंतर कुणाच्या तरी छातीत ती धूळ जाते, हे त्यांच्या पहिल्यांदाच लक्षात आलं.

हाच खोकला पुढे एका यंत्राच्या कामी आला. त्याची गोष्ट ऐका.

1901 साली लंडनमध्ये ह्यूबर्ट सेसिल बूथ नावाचे एक इंजिनिअर होते. त्यांनी धूळ उडवणारं एक यंत्र पाहिलं. हवा जोरात फुंकायची आणि धूळ उडवायची! बूथना वाटलं, फुंकण्यापेक्षा ओढून घेतली तर? म्हणतात, की त्यांनी खुर्चीच्या गादीवर रुमाल ठेवला, त्याला तोंड लावलं आणि जोरात श्वास ओढला. रुमालाच्या खालच्या बाजूला धुळीचा ठिपका उमटला. झालं, युक्ती सापडली! पण त्यांचं यंत्र केवढं? घोडागाडीवर ठेवावं लागे एवढं. गाडी रस्त्यावर उभी राही आणि लांबलचक नळ्या खिडकीतून घरात जात. 1902 साली सातव्या एडवर्ड राजाच्या राज्याभिषेकाच्या वेळी वेस्टमिन्स्टर ॲबेतले गालिचे याच यंत्रानं साफ केले होते.

दुसरी गोष्ट अमेरिकेतली. ओहायो राज्यातल्या कँटन गावी जेम्स मरी स्पँगलर एका दुकानात झाडलोट करत. त्यांना दम्याचा त्रास होता आणि झाडूनं उडणारी धूळ सोसवत नव्हती. 1907 साली त्यांनी पंख्याची मोटर, झाडूचा दांडा आणि उशीचा अभ्रा जोडून हातात धरता येईल असं यंत्र बनवलं. पुढे हूवर कुटुंबानं ते विकत घेतलं आणि ते जगभर गेलं. झाडू मारणाऱ्या माणसाला त्रास झाला, म्हणून त्यानंच शोध लावला. आहे की नाही कौतुकाची गोष्ट?

व्हॅक्यूम क्लीनरचं काम सोपं आहे. आतला पंखा हवा बाहेर फेकतो, म्हणून आतला हवेचा दाब कमी होतो. बाहेरची हवा आत धावते, येताना धूळ आणते. पिशवीतून हवा निसटते, धूळ अडकते. नागपूरच्या मोठ्या हॉटेलांत भिंतीपासून भिंतीपर्यंत गालिचा चिकटवलेला असतो. तो काही बांबूवर टाकता येत नाही! मग यंत्रच गालिच्याकडे जातं. आधी व्हॅक्यूम. नंतर गोल ब्रश फिरवणारं यंत्र साबणाचा फेस घासतं. किंवा दुसरं एक यंत्र गरम पाणी दाबानं धाग्यांत फवारतं आणि लगेच मळकट पाण्यासकट ओढून घेतं. पण क्रम तोच, आधी कोरडं आणि मग ओलं!

आता आपण पुन्हा अंगणात जाऊ. झोडपून झालेली सतरंजी काका लगेच भिजवत नाहीत. एका कोपऱ्याला ओला पांढरा फडका दाबून धरतात. फडक्याला रंग लागला तर सतरंजी रंग सोडणारी. तिला थंड पाणी आणि वेगळी आंघोळ. मग धागा कसला ते पाहायचं. सुती सतरंजीला धुण्याचा सोडा चालतो. लोकरीच्या गालिच्याला मात्र चालत नाही. लोकर प्राण्याच्या केसांची, म्हणजे प्रथिनाची. तिखट सोडा तिला खातो, गरम पाण्यात घासली तर ती आटते. तिला रिठ्याचं पाणी बरं. ही गोष्ट आंधळगाव-मोहाडीच्या कोशाच्या कारागिरांना कुणी शिकवावी लागत नाही. रेशीमही प्रथिनच. कोसे मऊ करायला ते सोड्याच्या पाण्यात उकळतात, पण सोडा मोजून घालतात. जास्त झाला तर धागाच कमजोर होतो.

डागांचे स्वभावही निरनिराळे. तेलाच्या ताज्या डागावर खडूची पूड टाकून ठेवली की ती तेल पिते. खर्ऱ्यात सुपारी असते. त्या डागावर सोडा पडला तर तो आणखी काळपट होतो, आणि पुष्कळदा जन्मभर निघत नाही. हळदीची तर जादूच! साबण लावला की पिवळा डाग लाल होतो. घाबरू नका. धुऊन लिंबू पिळलं की पुन्हा पिवळा. आणि कडक उन्हात ठेवला की हळूहळू फिका पडतो.

शेवटी ब्रशनं घासणं, पाण्यानं खळखळून काढणं आणि वाळवणं. भिजलेली मोठी सतरंजी उचलायला चार माणसं लागतात. दोन्ही बाजूंनी खडखडीत वाळली पाहिजे, नाहीतर आत बुरशी धरते आणि कुबट वास येतो.

आमच्या सोबतच्या एका मुलीनं तेव्हा छान प्रश्न विचारला, “काका, मळ गेला कुठं?”

मुलांनो, हा प्रश्न नीट ऐका. मळ नाहीसा होत नाही, तो फक्त जागा बदलतो. सतरंजीतून निघाला, पाण्यात गेला. मग ते पाणी?

काका म्हणाले, “पहिले आमी सतरंज्या तलावातच धुवत होतो.” हे तलाव म्हणजे मालगुजारी तलाव, लोक त्यांना ‘मामा तलाव’ म्हणतात. कोहळी लोकांनी पिढ्यानपिढ्या राबून ते बांधले. त्यावर धानाची शेती होते. त्यात ढिवर बांधव मासे धरतात, शिंगाडे लावतात. त्याच पाण्यात सोडा नि साबण ओतला तर? धुण्याच्या काही पावडरींत फॉस्फेट असतं. ते पाणवनस्पतींचं खतच! मग जलपर्णी पसरते, पाणी झाकून जातं आणि आतल्या माशांना प्राणवायू पुरत नाही.

भंडाऱ्याहून साकोलीकडे निघालं की कारध्याजवळ वैनगंगेचा पूल लागतो. ही नदी मध्य प्रदेशातल्या सिवनी जिल्ह्यातून येते. नागपूर शहराचं सांडपाणी नाग नदीतून कन्हानला मिळतं आणि कन्हान वैनगंगेला. पुढे पवनी तालुक्यात गोसीखुर्दचं धरण. त्याच्याही पुढे वर्धा नदी भेटते, मग प्राणहिता, मग गोदावरी, मग बंगालचा उपसागर. म्हणजे वरच्या गावाची आंघोळ खालच्या गावाच्या घागरीत! या वाटेवर आपण सगळेच कुणाच्या तरी वर राहतो आणि कुणाच्या तरी खाली.

काकांनी आता तलाव सोडला आहे. अंगणाच्या टोकाला, विहिरीपासून लांब, विटांचे तुकडे आणि वाळू भरलेला शोषखड्डा खणला आहे. धुण्याचं पाणी त्यात जातं. खड्डा भरला की गाळ काढावा लागतो, मजुरीचा खर्च वाढतो. “पण तलावाचे शिंगाडे माहीच नातवंडं खातेत ना!” ते म्हणाले.

आमच्या वर्गानं शाळेच्या बसायच्या पट्ट्या धुतल्या, तेव्हा हेच नियम पाळले. तुम्हीही करून पाहा :

1. पट्टी उघड्यावर, उलटी टाकून झटका. नाकाला रुमाल बांधा. दमा असलेल्या मुलांनी पाणी भरायचं काम घ्यावं. पालकांनीही हे ध्यानात ठेवावं.
2. पडलेली कोरडी माती गोळा करून बागेच्या वाफ्यात टाका. ती शेतातूनच आली होती!
3. ओल्या पांढऱ्या फडक्यानं रंग तपासा. साबण थोडाच घ्या.
4. मळकं पाणी तलावात, विहिरीजवळ किंवा हातपंपाजवळ सांडू नका.
5. उन्हात दोन्ही बाजूंनी वाळवा.

आम्ही झटकलेली माती तराजूत तोलली. किती भरली ते सांगत नाही. तुम्ही तुमच्या वर्गाची तोला आणि गुरुजींना नाहीतर बाईंना दाखवा. मग दारात चपला काढायला कुणी विसरतं का ते बघा!