काशीत काय सोडायचं?

काशीला गेलं की एखादं फळ नाहीतर भाजी कायमची सोडायची, ही रीत तुमच्याही घरात कुणीतरी पाळली असेल. माझ्या आजीने तीस वर्षांपूर्वी आजोबांबरोबर येऊन पेरू सोडला. पेरू म्हणजे तिचा जीव की प्राण. अजूनही घरात कुणी पेरू चिरला की ती उठून आत जाते. आजोबांनी कारलं सोडलं होतं, जे ते तसंही खात नव्हते!

या जानेवारीत मी तिला पुन्हा काशीला नेलं. निघण्याआधी रक्त तपासलं, तर हिमोग्लोबिन साडेआठ. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि पालेभाज्या वाढवायला सांगितल्या. आणि गाडीत बसल्यावर आजीने जाहीर केलं, "या वेळी मी मेथी सोडणार." माझ्या पोटात गोळाच आला. मेथी ही एकच पालेभाजी ती आवडीने खाते. पण सोडायचं ते आवडीचंच, हा तिचा हिशोब.

दशाश्वमेध घाटावर आम्ही सकाळी पोचलो तेव्हा धुक्यात समोरचा काठ दिसतच नव्हता. ब्रह्मदेवाने इथे दहा अश्वमेध केले म्हणून हे नाव, हे सगळ्यांना माहीत असतं. पण या पायऱ्यांना मराठी हात लागलेला आहे, हे आजीला ठाऊक नव्हतं. १७४८ मध्ये नानासाहेब पेशव्यांनी हा घाट बांधवला, १७७४ मध्ये अहिल्याबाई होळकरांनी त्याची पुन्हा बांधणी केली. वर गल्लीत, विश्वनाथाच्या शेजारी अन्नपूर्णेचं देऊळ आहे, तेही पेशवाईतलंच. ही अन्नपूर्णा हातात पळी घेऊन खुद्द महादेवाला भिक्षा वाढते. तिच्या अन्नक्षेत्रात आजही लोकांना मोफत जेवण मिळतं. काशीत कुणी उपाशी झोपत नाही म्हणतात, ते उगाच नाही.

गुरुजी यायला वेळ होता. आजी पायरीवर बसली आणि शेजारी फुलांचे द्रोण विकणाऱ्या बाईशी तिच्या मराठी-हिंदीत गप्पा सुरू केल्या. बाईची चार-पाच वर्षांची मुलगी मांडीवर पेंगत होती. आजीने तिची पापणी खाली ओढून बघितली. (आमच्याकडे ही तपासणी प्रत्येक नातवंडाची होते.) पापणी पांढुरकी होती.

"खाना मिलता है ना?"

"मिलता है माताजी. गेहूँ-चावल राशन से मिल जाता है. सब्जी कौन देगा?"

मी यावर कधी विचारच केला नव्हता. रेशनवर माणशी पाच किलो धान्य मिळतं, २०२३ पासून तेही मोफत. धान्याचं पोतं वर्षभर टिकतं, ट्रकने कुठेही जातं. पालकाची जुडी दुपारपर्यंत माना टाकते. म्हणून पुण्य करणारा तांदूळ देतो, डाळ देतो, पुरी-भाजी वाढतो, आणि ती भाजी बहुतेक बटाट्याचीच असते. पोट भरतं, रक्त भरत नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या पाच वर्षांखालच्या १०० पैकी ६७ मुलांना रक्तक्षय आढळला. आपला महाराष्ट्र काही वेगळा नाही.

बाई मात्र हात जोडून बसलेली नव्हती. तिच्या वस्तीतल्या आंगनबाडीच्या दीदीने फुटक्या बादल्यांत आणि रंगाच्या रिकाम्या डब्यांत पालक, मेथी लावली होती. जमीन नाही तर डबा! बायकांना बसवून तिने तीनच गोष्टी सांगितल्या होत्या, बाईने त्या बोटांवर मोजल्या. डाळीत रोज काहीतरी हिरवं घालायचं. वरून लिंबू पिळायचं, म्हणजे त्यातलं लोह अंगी लागतं. आणि जेवणावर लगेच चहा प्यायचा नाही, चहा ते लोह अडवतो.

"और बथुआ," ती म्हणाली. थंडीत गव्हाच्या शेतात तो आपोआप उगवतो, सगळ्यात स्वस्त.

बथुआ म्हणजे काय ते आजीला कळेना. बाईने पिशवीतून संध्याकाळसाठी घेतलेली जुडी काढली. आजीने एक पान बोटांत चुरडून वास घेतला. "अगं, हा तर आपला चाकवत!" मग पंधरा मिनिटं ताकातल्या चाकवताची पाककृती झाली, डाळ-दाण्यांसकट. दाणे परवडत नाहीत म्हटल्यावर आजीने ते रद्द केले आणि ताकाला बेसन लावायला सांगितलं.

इतक्या सुपीक गंगाकाठी भाजीची वानवा, हे मला पटत नव्हतं. घाटाकडून गोदौलियाकडे जाताना फ्लॉवर, मटार, मुळ्यांचे ढीग लागतात. वाराणसीजवळच भारतीय भाजीपाला संशोधन संस्था आहे. तिच्या वाणांची नावं 'काशी'वरून असतात, 'काशी लालिमा' ही तर चक्क लाल भेंडी. ही संस्था परसबागेसाठी बियाण्यांची पाकिटंही देते. भाजी आहे, बी आहे. ते बादलीपर्यंत नेणारी दीदी प्रत्येक वस्तीत हवी. आणि तिच्याकडे कागदी कामांतून थोडा वेळ उरायला हवा, हे माझं मत.

गुरुजी आले. मराठीच होते. ओंजळीत गंगेचं पाणी देऊन त्यांनी विचारलं, "आजी, काय सोडणार?"

मी श्वास रोखला.

"जेवणानंतरचा चहा."

गुरुजी गोंधळले. "आजी, फळ किंवा भाजी सोडायची असते."

"पानंच आहेत ना ती?"

गुरुजींनी माझ्याकडे पाहिलं, मी नदीकडे. मग त्यांनी मंत्र म्हणायला सुरुवात केली.

परतीच्या गाडीत जेवण यायच्या तासभर आधी आजीने चहावाल्याला हाक मारली आणि दोन कप मागवले.