वेंगुर्ला-७ आणि बेरिलियम-१२

कॉन्व्हेंटमध्ये शिकलेल्या मुलीने मराठी विभागात लिहायचं, आणि तेही अणुकेंद्रावर, म्हणजे जरा अतीच! पण शिमग्याला वेंगुर्ल्याला गेले तेव्हा हे सगळं बाबांना मराठीतच सांगावं लागलं. इंजिनीअरिंगनंतर नोकरी न करता फिजिक्समध्ये एम.एस्सी. करायचंय, हे त्यांच्या गळी उतरवायचं होतं ना.

खळ्यात काजूच्या बिया वाळत होत्या. बाबा म्हणाले, "चांगली नोकरी सोडून त्या न्यूट्रॉनात काय आसा गो?"

मी हॉस्टेलचं उदाहरण घेतलं. तळमजल्यावर २ जागा, पहिल्यावर ६, दुसऱ्यावर १२. खालून भरत गेलं की २, ८, २० ला मजला पूर्ण भरतो आणि केंद्र विशेष घट्ट होतं. प्रोटॉनांची इमारत वेगळी, न्यूट्रॉनांची वेगळी (बॉइज आणि गर्ल्स हॉस्टेलच समजा!). पुढे २८, ५०, ८२, १२६. या जादुई संख्या. त्या का येतात हे मारिया गोपर्ट मेयर आणि हान्स येन्सन यांनी १९४९ मध्ये दाखवलं. १९६३ च्या नोबेलमध्ये दोघांना वाटा मिळाला. मी तर हे आकडे व्हायवासाठी फोन नंबरासारखे पाठ केले होते.

मग लायब्ररीत २००० सालचा एक शोधनिबंध सापडला. पहिलंच नाव अलाहारी नवीन, आपल्या ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्रातले. प्रयोग अमेरिकेत, मिशिगनला. विषय बेरिलियम-१२.

"ही खंयची जात?" बाबांनी विचारलं. वेंगुर्ला-४, वेंगुर्ला-७ ही काजूची कलमं लावणाऱ्या माणसाला दुसरं काय सुचणार! (काजूतला ७ नुसता अनुक्रम. इथे १२ म्हणजे ४ प्रोटॉन अधिक ८ न्यूट्रॉन.)

८ न्यूट्रॉन, म्हणजे दोन्ही मजले भरलेले हवेत. पण या केंद्रांतून एक न्यूट्रॉन उडवून उरलेलं तपासलं, तर शेवटची जोडी बहुतेक वेळा वरच्या मजल्यावरच! ऑक्सिजन-१६ मध्ये ८ प्रोटॉन असतात, ते न्यूट्रॉनांना पहिल्या मजल्यावर ओढून धरतात. इथे प्रोटॉन चारच. ओढ कमी पडली आणि दोन मजल्यांमधलं अंतर जवळजवळ बुजलं. हे सगळं ज्या केंद्रात, त्याचं अर्धायुष्य सुमारे २१ मिलिसेकंद.

"मगे तो आठ आकडो खोटो?"

या प्रश्नावर मी खरंच अडकले. खोटा नाही, बाबा. टिकाऊ अणू हाताशी होते, त्यांच्यावरून तो काढला. न्यूट्रॉन वाढवत नेले की आकडे बदलतात. ऑक्सिजन-२४ मध्ये १६ न्यूट्रॉनांचा नवाच जादुई आकडा निघाला. उलट ऑक्सिजन-२८ मध्ये ८ आणि २०, दोन्ही आकडे जुने जादुई. ते बनवल्याची बातमी २०२३ मध्ये जपानहून आली, आणि ते तर टिकलंच नाही, लगेच ४ न्यूट्रॉन टाकून मोकळं!

बाबा काही बोलले नाहीत. पायाने बिया परतत खळ्याच्या दुसऱ्या टोकापर्यंत गेले. तिथूनच ओरडून विचारलं,

"आणि त्या एम.एस्सी.ची फी किती गो?"

– तृतीय वर्ष, यंत्र अभियांत्रिकी