चाळणी आणि धान्य

परभणीच्या कॉलेजात तत्त्वज्ञानाच्या पहिल्या तासाला मी फळ्यावर विषयाचं नाव लिहितो, खडू ठेवतो आणि विचारतो, "म्हणजे काय?" कुणी अध्यात्म म्हणतं, कुणी कीर्तन. एका वर्षी गंगाखेडच्या मुलीने मलाच विचारलं, "सर, आमची जनाबाई तत्त्वज्ञ होती का?" मी सवयीने म्हणालो, "संत होती, कवयित्री होती." तिने ते वहीत उतरवून घेतलं. माझं उत्तर मात्र मलाच बोचत राहिलं.

आपल्या परंपरेतलं कशाला तत्त्वज्ञान म्हणायचं, या पेचातून चिनी विचारवंतही गेले. 'फिलॉसॉफी'साठी त्यांच्याकडे शब्द नव्हता. जपानच्या निशी अमाने यांनी चिनी अक्षरं जोडून 'तेत्सुगाकु' हा शब्द घडवला. 1874 सालच्या त्यांच्या ग्रंथात तो आला आणि पुढे चीनने तो 'चशुए' म्हणून आपलासा केला. 1919 मध्ये चीनच्या हू श यांनी तत्त्वज्ञानाची व्याख्या केली: जगण्यातल्या मोलाच्या प्रश्नांचा मुळापासून विचार आणि मुळापासून उत्तराचा शोध. 1930 च्या दशकात फंग योउलान यांनी सरळ सांगितलं की, चीनच्या जुन्या विद्यांतून पाश्चात्त्य अर्थाने जे 'फिलॉसॉफी' ठरेल, तेवढंच निवडून ते इतिहास मांडत आहेत. चाळणी बाहेरची, धान्य घरचं.

आपणही तेच करतो. 1974 मध्ये दे. द. वाडेकरांच्या संपादनाखाली मराठी तत्त्वज्ञान महाकोश आला आणि या विषयाची मराठी परिभाषा एका जागी सापडू लागली. माझं शिकवणं त्यावरच उभं आहे. पण चाळणीवर उरलेला सगळाच कोंडा नसतो. तेराव्या शतकात चक्रधरांनी जीव, देवता, प्रपंच आणि परमेश्वर अशी चार पदार्थांची मांडणी मराठीत केली. ती कुठल्याही चाळणीतून पार होते. जनाबाईची मांडणी अशी नाही. ती जात्याशी बसते, आणि तिच्या अभंगांत विठ्ठल येऊन तिच्यासोबत दळू लागतो. राबणाऱ्या दासीचं देवाशी नातं काय, कष्टाला मोल कुणाचं, हे जगण्यातले मोलाचेच प्रश्न आहेत. हू श यांच्या व्याख्येत ती बसते. माझ्या उत्तरात बसली नव्हती.

व्याख्या पाठ करून घेणं सोपं असतं. ती कुणाला बाहेर ठेवते, हे मुलांना दाखवणं हे शिक्षकाचं खरं काम. आता पहिल्याच तासाला मी फळ्यावर सॉक्रेटिसशेजारी जनाबाईचं नाव लिहितो.