बसायला जागा

2021 साली पुणे महापालिकेने 11 डिसेंबरला पहिल्यांदा ‘पादचारी दिन’ साजरा केला. त्या दिवशी लक्ष्मी रस्त्याचा नगरकर तालीम चौक ते गरुड गणपती चौक हा भाग वाहनांना बंद होता. पुढेही हा दिवस होत राहिला. एका वर्षी मी आईला घेऊन गेले. आई चौऱ्याहत्तर वर्षांची, गुडघे दुखरे. भर लक्ष्मी रस्त्यात मांडलेल्या बाकड्यावर ती बसली आणि तासभर उठलीच नाही. म्हणाली, “एवढी वर्षं इथं येतेय, हे वरचे मजले कधी बघितलेच नव्हते गं.” खरंच होतं ते. लक्ष्मी रस्त्यावर नजर एकतर दुकानाच्या काचेवर असते, नाहीतर मागून येणाऱ्या दुचाकीवर.

दुसऱ्या दिवशी अर्थातच बाकडी गेली आणि गाड्या आल्या.

तेव्हापासून एक गोष्ट डोक्यात आहे. शहराच्या मध्यवस्तीबद्दल जे काही नियम होतात, त्यात गाडी उभी करणाऱ्याचा विचार असतो. सम-विषम तारखांच्या पाट्या त्याच्याचसाठी. पथारीवाल्यांसाठी 2014 चा केंद्राचा कायदा आहे. तो कितपत पाळला जातो हा वेगळा आणि मोठा विषय, पण निदान नगर पथविक्रेता समितीतल्या चाळीस टक्के जागा विक्रेत्यांच्या निवडून आलेल्या प्रतिनिधींसाठी असाव्यात, असं कायद्यात लिहिलेलं आहे. चालणाऱ्यासाठी महापालिकेने 2016 मध्ये पादचारी धोरण मंजूर केलं. पण ज्याला नुसतंच थांबायचंय, पाच मिनिटं टेकायचंय, तो या सगळ्यात कुठे बसतो? म्हातारी माणसं, पोटुशी बाई, कडेवर पोर घेतलेली आई. यांना मध्यवस्तीत बसायचं तर काहीतरी विकत घ्यावं लागतं. चहा, नाहीतर ज्यूस. तोही आजकाल उभ्यानेच.

पेठांमध्ये पूर्वी ही सोय महापालिकेने केलेली नव्हतीच. वाड्यांचे ओटे होते, देवळांचे पार होते. वाडे पडले, इमारती झाल्या, ओट्याच्या जागी दुकानाची पायरी आली. पायरीवर कुंड्या आल्या, कुठे लोखंडी दांडे. आणि ‘येथे बसू नये’ ही पाटी, जिच्यावर आपण पुणेरी म्हणून हसतो. मला आता त्या पाटीचं तितकंसं हसू येत नाही.

दुकानदारांची बाजू मला कळत नाही असं नाही. आमच्या ओळखीचे एक कापडवाले आहेत. मी बाकड्याचा विषय काढल्यावर म्हणाले, “ताई, बाकडं आलं की टोळकं येतं. टोळकं आलं की बायका दुकानात शिरत नाहीत. आणि गाडी लावायला जागा नसेल तर गिऱ्हाईक मॉलला जातं.” त्यांच्या पोटाचा प्रश्न आहे. पण गाडीच्या जागेचा हिशेब एकदा मांडून बघावा. एक चारचाकी उभी करायला साधारण अडीच बाय पाच मीटर जागा लागते. तेवढ्यात पाच-सहा बाकडी ठेवून मध्ये वावरायलाही जागा उरते. त्या चारचाकीतून गिऱ्हाइकं येतात दोन, फार तर चार.

ही जागा फुकट असू नये, असा प्रयत्न झाला होता. मार्च 2018 मध्ये पार्किंग धोरण मुख्य सभेपुढे आलं. रस्त्यावर गाडी लावायची तर पैसे मोजा, एवढीच मूळ कल्पना. केवढा गदारोळ झाला! शेवटी ते मंजूर झालं ते फक्त पाच रस्त्यांपुरतं, प्रायोगिक म्हणून, आणि तेही वर्षानुवर्षं रखडलं. पुढे मार्च 2022 मध्ये नगरसेवकांची मुदत संपली आणि जवळजवळ चार वर्षं प्रशासकाने कारभार केला. गाडीवाल्यांसाठी सभागृह दणाणून सोडणारे होते. बाकड्यासाठी कोण बोलणार होतं, हा प्रश्न सभागृह भरलेलं असतानाही होता, रिकामं असतानाही होता.

जंगली महाराज रस्त्यावर हे करून दाखवलेलं आहे. रुंद फुटपाथ, झाडं, बसायला जागा. संध्याकाळी तिथे आजोबा मंडळी निवांत दिसतात. मधूनच एखादा फुटपाथवरून दुचाकी घालतो, तेव्हा पाय वर घेतात. लक्ष्मी रस्ता तेवढा रुंद नाही, हे मान्य. म्हणूनच तिथे बाकडं हवं की गाडी, हे ठरवावं लागेल. दोन्ही मावणार नाही.

आईने तिच्यापुरता मार्ग काढला आहे. सप्टेंबर 2024 मध्ये मंडईचं मेट्रो स्थानक सुरू झालं. ती वनाजला गाडीत बसते, जिल्हा न्यायालय स्थानकावर बदलते, मंडईला उतरते. तुळशीबागेत जे घ्यायचं ते घेते आणि पाय बोलायला लागले की बाहेर कुठे रेंगाळत नाही. सरळ खाली उतरून फलाटावरच्या बाकड्यावर बसते. एक गाडी सोडते, दुसरी सोडते. शेजारी तिच्याच वयाच्या, पिशव्या घेतलेल्या दोघी-तिघी असतात म्हणे. त्याही गाड्या सोडत असतात.