दोन कसोट्यांचा बोलर

नागझिऱ्याच्या जंगलात मोबाईलला रेंज नाही. त्यामुळे या वीकेंडला डोक्यात एकच विषय फिरत राहिला.. पारस म्हांब्रे. हसू नका, सांगतो.

ऑफिसात मला विचारलंय, कोड लिहिणं कमी करून नवीन पोरांना तयार करशील का? आमच्या धंद्यात कीबोर्ड सुटला की माणूस संपला असं धरतात. वय त्रेचाळीस. धास्ती वाटणारच ना!

तर म्हांब्रे. जून 1996, एजबॅस्टन. त्या कसोटीत आपल्याकडून चौघांचं पदार्पण झालं: म्हांब्रे, व्यंकटेश प्रसाद, सुनील जोशी आणि विक्रम राठोड. म्हांब्रे दोन कसोट्या खेळला, विकेट्स दोन. वनडे तीन. इंडियाची कॅप तिथेच संपली. मुंबईकडून मात्र ढीगभर विकेट्स काढल्या, पण रणजी बघतो कोण?

मग तो कोच झाला, तेही खालच्या पायरीपासून. 2006-07 ला त्याचा बंगाल रणजी फायनलला पोचला. समोर कोण, तर मुंबईच! आणि हरले. पुढे आमच्या विदर्भाचाही कोच होता. मग द्रविडबरोबर अंडर-19, 2018 चा वर्ल्डकप. 2021 मध्ये सीनियर टीमचा बोलिंग कोच. 29 जून 2024, बार्बाडोस. आफ्रिकेला 30 चेंडूंत 30 हव्या होत्या, आणि आपण 7 धावांनी जिंकलो. बॅटिंग कोच कोण होता? तोच एजबॅस्टनचा राठोड. 2007 चा ट्वेंटी-ट्वेंटी वर्ल्डकप जिंकला तेव्हा बोलिंग कोच होता प्रसाद. जोशी 2020 मध्ये निवड समितीचा अध्यक्ष झाला. त्या एका मॅचमधून काय काय निघालं बघा!

माझा अमेरिकेतला एक सहकारी बेसबॉलवेडा आहे. तिथे म्हणे पिचिंग कोच चालू सामन्यात मैदानात जाऊन पिचरशी बोलून येतो. आपला बोलिंग कोच सीमारेषेबाहेर. शेवटच्या पाच ओव्हर्स त्याने नुसत्या बघायच्या. मला ते जास्त अवघड वाटतं.

शनिवारी जिप्सीत गाईडबरोबर एक शिकाऊ पोरगा होता. तळ्याच्या अलीकडे गाईडने गाडी थांबवायला सांगितली आणि गप्प बसला. धुळीत पगमार्क होते, मलाही दिसले. पोरगा मात्र झाडांत बघतोय. मी बोट दाखवणार, तेवढ्यात गाईड हळूच म्हणाला, "राहू द्या ना सर. त्याले पाहू द्या. मी सांगतलं तं त्याले सवय कशी लागंल?"

पाचेक मिनिटं गेली. मागच्या सीटवरचे काका वैतागले, पैसे भरलेत म्हणाले. गाईड ढिम्म. मग पोराला दिसले, आणि वाघ कुठल्या बाजूला गेला तेही त्यानेच सांगितलं. वाघ काही दिसला नाही. रानगवे भरपूर दिसले. असो.

मला ती पाच मिनिटं जमतील का, ही खरी शंका आहे. कुणाच्या कोडमध्ये बग दिसला की माझे हात शिवशिवतात, मीच दुरुस्त करून मोकळा होतो. लवकर होतं हो काम!

उद्या मेल टाकतोय. सहा महिने करून बघतो म्हणून. आणि एक छोटं मॉड्यूल माझ्याकडेच ठेवा, हेही लिहिणार आहे.